सरळ बसायचा अर्धा तास

हिरामावशीचा फोन यायचा तो रविवारी सकाळी. म्हणून त्या गुरुवारी भाजी निवडता निवडता तिचं नाव दिसलं तेव्हा मी फोन उचलून म्हटलं, "काय गं, आज कुठे वाट चुकलीस?" पलीकडे तिचा मुलगा दिनेश होता. "ताई, आई गेली..." एवढंच बोलला. सकाळी वाडीतून मोगरा खुडून आली, ओट्यावर टेकली आणि सून चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. फुलपाड्याच्या माझ्या घरून तिच्या नंदाखालला जाईपर्यंत रिक्षात मी एकच घोकत होते, चालत्या पायांनी गेली, चालत्या पायांनी गेली. कारण तिने देवाकडे तेवढंच मागितलं होतं.

तिच्या सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेवरून पुन्हा उठल्याच नाहीत. त्यांचं सगळं मावशीने काढलं. तेव्हापासून तिला मरणाची नव्हे, खाटेची धास्ती. "वाडीत पाय जातोय तोवर मी मानूस, मंग नुसतं गाठोडं," म्हणायची. तिला मधुमेह निघाला तेव्हा घरात राजेळी केळ्यांची गोड सुकेळी वाळत घातलेली होती. ती स्वतः उलटवायची, पण एका तुकड्याला तोंड लावेल तर शपथ! "चोर घरातलाच निघाला गं बाय," असं म्हणून हसायची. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, सगळं तिला तोंडपाठ. पुढे एकदा नुसता तोल सावरायला हात टेकला तर मनगट मोडलं. तपासणी केली, हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दुखण्यांची सोयरीक समजावून सांगितली. साखर चढी राहिली की हळूहळू तळपायांना कळेनासं होतं. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरून भोवळ येते. दोन्हीकडून माणूस पडतंच, आणि असं हाड मोडायला निमित्तच शोधत असतं. झालं, सोमवारचा उपास सुटला, वाडीतलं अनवाणी फिरणं सुटलं, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी सुरू झाली.

या गोळीचे नखरे नव्या जावयासारखे. सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास ना चहा, ना दुसरी गोळी, आणि आडवं तर मुळीच पडायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. मावशीने हे सगळं इमानेइतबारे पाळलं. पण एका रविवारी मी सकाळीच तिच्याकडे टपकले, तर बाईसाहेब ओट्यावर ताठ बसून गोळी घेतायत, शहाळ्याच्या पाण्याबरोबर! "अगं, हे काय?" मी किंचाळलेच. "एवढी मोठी गोळी, तिला काय साधं पानी द्यायचं? आपल्या झाडाचं हाय," ती म्हणाली. वाडीवाल्यांच्या घरात शहाळ्याहून चांगलं पाणी जगात नाही, त्याला ती तरी काय करणार! डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. शहाळ्यातले क्षार गोळीला अंगात मुरू देत नाहीत, म्हणजे इतके आठवडे औषध बहुतेक वायाच गेलेलं. शिवाय त्यात साखर असते ती वेगळीच. मी चिडून सांगितलं, "आता दर रविवारी मला फोन लावायचा आणि माझ्यादेखत साधं पाणी प्यायचं. मी ऐकणार गटगट आवाज."

असा सुरू झाला आमचा अर्धा तास. आधी गटगट, मग ढेकर, मग "बोल." रिकामं बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, म्हणून ती बोलत राहायची. कुठल्या केळीला कोका, म्हणजे केळफूल, आलाय, सुनेने भाकरी कशी जाड केली, माझी आई लग्नाआधी किती खोडकर होती... आई मला लवकर सोडून गेली. तिचं लहानपण मला या गोळीने दिलं, असं म्हटलं तरी चालेल. मी इकडे चहा पीत असले तर तिला बरोबर कळायचं. "भुरके नको मारू मेल्ये, माझा जीव जातो," म्हणायची.

काही वर्षांनी गोळीने तिची छाती जळायला लागली. डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवून दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. इंजेक्शनची तारीख चुकवायची नाही, चुकली तर हाडं पुन्हा झपाट्याने झिजतात, हे बजावलं. "आणि आता अर्धा तास बसायची कटकट संपली," असंही म्हणाल्या. मावशीचं तोंड एवढंसं झालं. "गोळीच बरी होती," ती पुटपुटली. मला हसू आलं, पण घरी आल्यावर माझंही जेवणात लक्ष लागेना. पुढच्या रविवारी मी मुद्दाम फोनकडे पाठ करून बसले होते. वेळेवर वाजला. "गोळी नाय आज. पन सरळ बसलेय. बोल!"

ती गेल्यावर काही आठवड्यांनी माझं कंबरदुखीचं निमित्त झालं, तपासणी केली, आणि माझीही हाडं तिच्याच वळणावर गेलेली निघाली. डॉक्टरांनी तीच आठवड्याची गोळी दिली. गेल्या रविवारी सकाळी पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घेतली आणि खुर्चीत ताठ बसले. नवरा चहाचा कप घेऊन आला, मी नको म्हणून मान हलवली. "अर्धा तास? मग तोवर काय करणार?" त्याने सहज विचारलं. माझी नजर फोनकडे गेली. एकदम भरून आलं. उशीत तोंड खुपसून रडावंसं वाटत होतं, पण आडवं पडायची सोय नव्हती. मग तशीच ताठ बसून रडले.