भावोजींचं न उघडणारं दार

तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की आमचे भावोजी टेपरेकॉर्डर लावायचे. त्यातून गाणं यायचं नाही, कोंबडीची मान धरल्यासारखी किंचाळी यायची. मग टीव्हीवर रंगीत पट्टे पळायचे आणि एक बुटका माणूस उगवायचा. पाहुणे दचकायचे. भावोजी म्हणायचे, "थांबा, बोट अजून धक्क्याला लागत्येय."

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, सदाशिव. तरुणपणी बोटीवर होते. विलायतेच्या बंदरातून त्यांनी तो टीव्हीला जोडायचा लहान कॉम्प्युटर आणि खेळांच्या कॅसेटी पूर्णगडला आणल्या. कॅसेट टेपरेकॉर्डरवर वाजवली की खेळ हळूहळू टीव्हीवर यायचा. त्यातला एकच खेळ ते खेळायचे. बुटका माणूस किल्ल्यात फिरतो, चाव्या गोळा करतो आणि शेवटी एका निळ्या दारापाशी येतो. ते दार कधी उघडलं नाही. आमचे हे चारचौघांत म्हणायचे, "सदाचं डोकं त्या दारात अडकलंय." सगळे हसायचे. भावोजी मान खाली घालून म्हणायचे, "चावी राहिली असंल कुठंतरी. माझंच लक्ष नाय."

पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टर म्हणाले. भावोजींना एकच घोर लागला, की दिसतंय तोवर ते दार उघडलेलं बघायचं.

त्याच सुमारास विलायतेत माझ्या मुलीचं बाळंतपण आलं. आंब्याचा हंगाम म्हणून ह्यांना बाग सोडवेना. मला एकटीनं जायची भीती. भावोजी लगेच म्हणाले, "मी येतो वहिनी." मला वाटलं, पुतणीच्या मायेनं. तिथे पोचल्यावर त्यांनी पिशवीतून कॅसेटींची वेष्टनं काढली. खेळ बनवणाऱ्या कंपनीचे पत्ते त्यांवर छापलेले होते. कंपनी जागा बदलत गेली होती आणि कधीच बुडाली होती.

"बुडाली तर जायचं कशाला?" मी विचारलं.

"माणसं गेली तरी जागा असत्ये ना?"

जावई कामावर, नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला उठवत नव्हतं आणि भावोजींना पाट्या नीट दिसत नव्हत्या. मलाच हात धरून न्यावं लागलं. बाळ घरी आणि मी थंडीत परक्या गल्ल्यांत. एका पत्त्यावर सतरंज्यांचं दुकान निघालं. दुसऱ्या पत्त्यावर इमारतच पाडलेली, गाड्या लावायला मोकळी जागा. भावोजींनी तिथल्या भिंतीला हात लावला. मला इतका राग आला! म्हटलं, "भावोजी, मी नातवाला न्हाऊ घालायला आलेय, भिंती बघायला नाही."

"आणखी एकच, वहिनी."

ते शेवटचं ठिकाण म्हणजे केस कापायचं दुकान. आतल्या मुलीला कंपनी ठाऊक नव्हती. भावोजी बाहेर आले, पिशवीतला नारळ पायरीवर ठेवला, टोपी काढली आणि हात जोडून मोठ्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. आपल्याकडे देवळात घालतात तसंच.

"बा या जाग्याच्या राखणदारा! जाग्याला राखणदार असतोच, मग तो गोऱ्याचा असला तरी. लेकरू लांबून आलंय. त्या दाराची चावी कुठं ठेवलीय ती सांग, महाराजा!"

आणि थांबले. 'होय महाराजा' म्हणायला कुणीतरी लागतं. तिथे मीच होते. रस्त्यावरची माणसं बघत होती. मी पदरात पुटपुटले.

"मोठ्यानं, वहिनी. त्याला मराठीची सवय नसंल."

"होय महाराजा!" मी ओरडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या ओरडण्यानं वरच्या मजल्यावरून एक म्हातारा खाली आला. जागा त्याचीच होती. भावोजींनी त्याला इंग्रजीत विचारलं. म्हातारा हसू लागला, मग भावोजींचा चेहरा बघून थांबला. काय बोलला ते भावोजींनी मला सांगितलं. "खेळ बनवणारी पोरं ह्याचीच भाडेकरू. नाताळच्या आत खेळ बाजारात न्यायचा होता. दाराचं चित्र काढून झालं, मागची खोली करायची राहिली. तसाच विकला. दार उघडणारं नव्हतंच, वहिनी."

परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले, "वेष्टनावर एक ओळ लिहिली असती, तर काय गेलं असतं मेल्यांचं?"

पूर्णगडला परतलो त्या दिवशी भावोजी आंब्याच्या गड्यांच्या पंगतीत जेवायला बसले होते. ह्यांनी विचारलं, "काय सदा, मिळाली का चावी?" भावोजींनी झालेलं सांगितलं. हे म्हणाले, "हरलास म्हणून सांग की! दाराला कशाला नावं ठेवतोस?" सगळे हसले.

मी पुरुषांच्या पंगतीत कधी बोलत नाही. पण आमटीची पळी हातात तशीच धरून म्हणाले, "मी होते तिथं. दार खोटं होतं. भावोजी हरले नाहीत."

"तुला गं काय कळतंय त्यातलं? चौथी शिकलेली तू."

"खोली बांधलीच नाही, एवढं कळायला कितवी लागते?"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, भावोजींना बरं वाटेल. ते ताटाकडे बघत होते. भात निवून गेला होता.

"बोललात ते बरं केलंत, वहिनी," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं मी माझ्याच डोक्याला शिव्या घातल्या. त्या कुणाकडनं परत घेऊ?"

नजर पुरती जायच्या आधीच, त्या पावसाळ्यात ते गेले. त्या खेळाच्या वेष्टनावर मी मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली, 'दारामागे खोली नाही.'