अध्यक्षांचं निर्णायक मत

दुष्काळाच्या वर्षी विधिमंडळाच्या एका समितीबरोबर मी लघुलेखिका म्हणून शेवगावकडच्या सरकारी ज्वारी संशोधन केंद्रावर गेले होते. अशा केंद्रांवर होणारा खर्च कारणी लागतो का, हे पाहून समितीनं सरकारला शिफारस करायची होती.

केंद्राचे प्रमुख मितभाषी होते. त्यांनी आम्हाला शेतात नेलं. सगळं पीक वाळलेलं. त्याच भागातून निवडून आलेल्या एका सदस्यांना राहवलं नाही.

"सायेब, माझी मानसं उन्हात खडी फोडत्यात, अन् तुमी वाळल्याली धाटं जपताय व्हय?"

"हो," प्रमुख म्हणाले. "वाळली सगळीच. पण हे वाण सगळ्यांत शेवटी वाळलं. त्याचं काय होतं, ते बघायला आणखी दोन हंगाम द्या."

दुपारी विश्रामगृहात बैठक बसली. केंद्र बंद करून पैसा दुष्काळी कामांना द्यावा, अशी शिफारस त्या सदस्यांनी मांडली. समितीच्या अध्यक्षांनाही तेच वाटत होतं. येताना जीपमध्ये ते तसं बोलले होते. हात वर झाले. मतं समसमान पडली. अध्यक्ष एरवी मत देत नसत, पण आता निकाल त्यांच्यावर आला.

"मी विरोधात मत देतो," ते म्हणाले.

"अध्यक्षम्हाराज, सकाळी तर तुमी आमच्या बाजूनं हुता!"

"अजूनही आहे. पण चालू असलेलं मोडायचं तर बहुमत हवं. ते तुम्हाला मिळालं नाही, आणि माझ्या एकट्याच्या हातानं ते उभं करणं मला पटत नाही. बहुमत जमवा, पुन्हा मांडा."

ते सदस्य चहा न घेताच उठून गेले.

मलाही राग आला होता. वाटेत बोटांना चिंध्या बांधून खडी फोडणाऱ्या बाया मी पाहिल्या होत्या. परतताना धीर करून अध्यक्षांना विचारलं, "साहेब, त्या बायांना हा नियम कसा समजावायचा?"

"नाही समजावता येणार," एवढंच ते म्हणाले.

पाऊस झाल्यावर तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. प्रमुखांना त्यांचे दोन हंगाम मिळाले. त्यांचं वाण तग धरायचं, पण दाणा कमी. लोकांनी ते कडब्यापुरतंच पेरलं. पुढे मी कितीतरी समित्यांची टिपणं घेतली. स्वतःला पटलेल्या गोष्टीविरुद्ध, फक्त रीत म्हणून हात वर करणारा माणूस मला पुन्हा दिसला नाही. त्यांनी बरोबर केलं, असं मला आज वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं.