परतीच्या गाडीला सामान जास्त

कंडक्टरबाई बसून टीव्ही बघत नसत. माझ्या खोलीत सोफा होता, दोन खुर्च्या होत्या, पण त्या कपाटाला कंबर टेकवून उभ्या राहायच्या. पाय जरा फाकवलेले, डावा हात वर कपाटाच्या कडेला धरलेला. सगळी नोकरी चालत्या एसटीत उभं राहून झालेली. "बसा की मावशी," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बसलं की झोप लागती गं. आन् कंडक्टर झोपल्यावर गाडी कुणी थांबवायची?"

सांगलीला विश्रामबागेत आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर भाड्यानं राहायच्या. नवरा एसटीत होता, तो गेल्यावर त्यांना त्याच्या जागी नोकरी मिळाली आणि सांगली-सातारा मार्गावरच त्या निवृत्त झाल्या. सगळे त्यांना कंडक्टरबाईच म्हणत, मी मावशी म्हणायचे. मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे, म्हणून त्या मला मॅडम म्हणत, पण अगंतुगं करून. "मॅडम, जेवलीस का?" असं मला दुसऱ्या कोणी कधी विचारलं नाही. आता तर कोणीच विचारत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. सोमवारची भाजी, दुरुस्त्या, फोन करायची माणसं, सगळं फ्रिजवर लावलेलं असतं. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हाही मी यादी केली होती, आणि त्यातलं सगळं सामान तिच्याबरोबर नीट गेलं. घरात मागे काय उरेल याची यादी करायला मात्र सुचलं नाही. पहिल्या आठवड्यात मी टीव्ही नुसता चालू ठेवायचे, आवाज असावा म्हणून. मुलीनं अर्धवट सोडलेली एक जपानी कार्टून मालिका त्यावर आपोआप पुढे चालत राहायची.

अशाच एका संध्याकाळी मावशी माझा डबा परत द्यायला वर आल्या. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात शेंगदाण्याची चटणी. पडद्यावर एक म्हातारा नावाडी बेटाबेटांतून माणसं नेत होता आणि हरवलेल्या भावाला शोधणारी एक पोरगी त्याच्या होडीत पैसे गोळा करत होती. मावशींनी डबा हातात तसाच धरून कपाटाला कंबर टेकवली.

"मॅडम, ही तर आपली येष्टीच हाय की."

"कार्टून आहे मावशी. लहान मुलांचं."

"लहान पोरांचं कसलं? त्या पोरीच्या पायाकडं बघ. होडी हलती तशी ती पाय टाकती. ज्यानं काढलंय त्यानं कंडक्टर बघितलाय."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता आम्ही एक भाग बघू लागलो. हिंदीत होता, दोघींनाही समजायचा. भाग संपला आणि पुढचा हवा असेल तर मावशी तोंडानं "टिंग टिंग" करायच्या. मध्येच थांबवायचं असेल तर एकच "टिंग". थांबवून त्या होडीतल्या माणसांची पारख करत. लाल टोपीचा एक माणूस चढला तेव्हा त्यांनी ठासून सांगितलं, "ह्यो पोरीला दगा देणार. असली लय बघितली. कराडला चढत्यात आन् तिकीट मागितलं की घोरत्यात." पुढे त्याच माणसानं वादळात पोरीला वाचवलं. मी मावशींकडे बघितलं. त्या ढिम्म. "तोंडच चोरासारखं काढलंय, त्याला मी काय करू?"

पहिल्या सीझनच्या शेवटी भाऊ सापडला. होडी काठाला लागली, भाऊ-बहीण समोरासमोर उभी राहिली आणि कोणीच बोललं नाही. मी शेजारी बघितलं तर मावशी सोफ्यावर बसल्या होत्या. माझ्या घरात बसलेल्या मी त्यांना तेवढं एकदाच बघितलं.

मी प्रत्येक भागाला दहापैकी गुण देऊन ठेवत असे. त्या भागाला दहा दिले.

दुसरा सीझन यायला फार वेळ लागला. दरम्यान मावशींचे गुडघे गेले. मुलगा साताऱ्याहून येऊन त्यांना घेऊन गेला. चांगला मुलगा, सून त्याहून चांगली. सामान मीच बांधून दिलं, प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लावून. गाडीत बसल्यावर मावशींनी काच खाली केली. "मॅडम, म्होरचा भाग आला तर एकटीनं बघायचा न्हाई."

"तुम्हीपण नाही."

"मी कशाला बघती? मला काय घाई हाय?"

दुसरा सीझन आला तेव्हा आम्ही फोन लावून बसलो. त्या नातीच्या जुन्या टॅबवर, मी माझ्या टीव्हीवर. त्यांनी "टिंग टिंग" केलं की दोघींनी एकदम सुरू करायचं. पहिल्याच भागात मावशी भडकल्या. हिंदीत म्हाताऱ्या नावाड्याचा आवाज बदलला होता. "हा आमचा म्हातारा न्हवं. बदली ड्रायव्हर हाय. बंद कर." मूळ जपानीत आवाज तोच होता, पण खाली अक्षरं इंग्रजी. म्हणून असं ठरलं की बघायचं जपानीत आणि मी वाचून मराठीत सांगायचं.

त्यांच्याकडे नेट मागे चालायचं. मी वाक्य बोलून मोकळी व्हायचे तेव्हा त्यांच्या पडद्यावर माणूस अजून तोंड उघडत असायचा. "मॅडम, तू आधी रडतीस आन् म्हातारी मागनं मरती," बेटावरची एक म्हातारी गेली त्या भागाला त्या म्हणाल्या. मी हसले. त्या दिवशी मी दुसऱ्या कोणाशी बोलले नव्हते.

आता खरं सांगायचं तर दुसरा सीझन पहिल्याच्या जवळपासही नव्हता. पहिल्यात रोज नवं बेट, नवा उतारू, वादळ, शोध. दुसऱ्यात भाऊ घरी येऊन बसलेला आणि तो बोलतच नाही. होडी बहुतेक वेळ काठाला बांधलेली. एका अख्ख्या भागात पोरगी आणि म्हातारा छपराची गळती काढतात. मी पाच गुण दिले, मग चार. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सगळे तेच म्हणतायत. काहीच घडत नाही. सोडून दे." यादीतली एखादी गोष्ट काम देत नसेल तर मी ती खोडते. तसं मी मावशींना सांगून टाकलं.

"सोडायची? अर्ध्या वाटंत?"

"चांगली नाही तर कशाला ओढायची?"

"आगं, परतीची फेरी हाय ती. जाताना मानूस खिडकीतनं बघतो. आष्टा आलं का, पेठ नाका आला का, सारखं इचारतो. येताना तोच रस्ता, म्हनून झोपतो. त्यात रस्त्याचा काय दोष? आन् परतीच्या गाडीला सामान लय असतं. गाडी हळूच चालणार."

"म्हणजे तुम्हाला पहिल्याइतकी आवडली?"

"ते आत्ता न्हाई सांगायची. शेवटचा थांबा आल्याबिगर मी गाडीला चांगलं-वाईट म्हनत न्हाई."

मी नाइलाजानं पुढे वाचत राहिले, पण माझ्या पद्धतीनं. छपराबद्दल, माशांबद्दल लांबलचक बोलणं सुरू झालं की मी एका वाक्यात उरकायचे. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, जपानी तर नाहीच. तरी दर वेळी त्यांच्या लक्षात यायचं. "टिंग. त्यो एवढा वेळ तोंड हलवत हुता आन् तू म्हनतीस, 'बरं आहे' म्हणाला? मॅडम, तू पुरं पैसं घेऊन अर्धं तिकीट देतीस." मला नवल वाटायचं. चित्र मागे, माझा आवाज पुढे, आणि या नेमकं कुठे काय गाळलं ते पकडतात कशा?

साताऱ्याबद्दल त्या कमी बोलत. मुलगा-सून कामावर, नात कॉलेजात. "घर लय चांगलं हाय. फरशी अशी का तोंड दिसावं." एकदाच म्हणाल्या, "दिवसभर बसून असती गं. टेकायला कपाट हाय, पर उभं कशापायी ऱ्हायाचं?" मी गुडघ्याच्या तेलाचं नाव सांगितलं. त्यांनी ते पाठ केल्यासारखं परत म्हणून दाखवलं आणि मग "टिंग टिंग" केलं.

शेवटचा भाग रविवारी बघायचा होता. त्या रविवारी दुपारी फोन आला, पण सुनेचा. जेवून पडल्या होत्या, झोपेतच गेल्या.

मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी साताऱ्याला गेले. पांढरी साडी, फुलं, फोटोशेजारी मेणबत्ती, सगळं नीट होतं. कामाला हात लावायला मला काहीच शिल्लक नव्हतं, म्हणून मी सुनेबरोबर कप विसळत उभी राहिले.

"तुमच्या फोनची फार वाट बघायच्या," ती म्हणाली. "दुपारी बघून झालेलं असायचं, तरी सातच्या आधी टॅब चार्ज झालाय का विचारायच्या."

"दुपारी काय बघून झालेलं असायचं?"

"तेच कार्टून. रोजचा भाग त्या दुपारीच बघायच्या, जपानीत. सुट्टीला घरी असले की मी विचारायची, 'आई, काय कळतं?' तर म्हणायच्या, 'आत्ता नुसतं बघून ठेवती. कोन काय बोललं ते सातला मॅडम सांगती.' तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी कप पुसत राहिले. एकटीनं बघायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं, आणि मोडलंही त्यांनीच. मी ज्याला रटाळ म्हणून चार गुण देत होते तो प्रत्येक भाग या बाईनं दोनदा बघितला होता, एकदा न समजता आणि एकदा माझ्या अर्ध्या तिकिटावर. कोणाचं तोंड किती हललं हे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

"रविवारचा?" मी विचारलं.

"बघितला की. जेवायच्या आधी. मी विचारलं, संपलं का एकदाचं, कसं होतं? तर म्हणाल्या, संध्याकाळी मॅडमबरोबर बघते, मग सांगते."

परतताना मला खिडकीची जागा मिळाली. उंब्रजपर्यंत निम्मी गाडी झोपली होती. कंडक्टर तरुण मुलगी होती, तिकिटं देऊन झाली तरी दाराशी टेकून उभीच. पायाशी पिशव्या इतक्या की तिला ये-जा करता येईना. मी पेठ नाका बघितला, आष्टा बघितलं. झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी सातला मी शेवटचा भाग लावला. कपाटापाशी उभी राहिले. त्यात भाऊ पहिल्यांदा बोलतो, आणि काय बोलतो, तर जाळं कसं विणायचं ते. खूप वेळ बोलतो. धागा कुठला, गाठ कशी मारायची, ओलं असताना का विणू नये. मी ते सगळं मराठीत मोठ्यानं वाचलं. फोन समोर टेबलावर होता, बंद. एकही ओळ गाळली नाही.

त्या भागाला अजून गुण दिलेले नाहीत.