डब्यातलं शेत

आई म्हणते, मी माहेरी आले की वस्तू लपवून ठेवाव्या लागतात. खोटं नाही ते. मला पसारा बघवत नाही. तुटकी छत्री, रिकामी बाटली, जुनी पिशवी, दिसली की फेकली. त्यामुळे बदलापूर गावातल्या आमच्या घरचा लॅपटॉप भरला, तेव्हा अंबरनाथहून मलाच बोलावून घेतलं.

लॅपटॉप मूळचा माझाच. नवा घेतल्यावर जुना आईला दिला, आणि वडील गेले तेव्हा त्यांच्या फोनमधले सगळे फोटो त्यात उतरवून ठेवले. न बघताच उतरवले. तेव्हा बघवत नव्हते. फोन पुढे बंद पडला तो कायमचाच. आता लॅपटॉपवर जागा संपल्याची लाल पट्टी दिसत होती आणि व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा मधेच थिजून बसायचा. उल्हासनगरच्या माझ्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो. पहले डब्बा खाली करो, आधा काम वहीं हो जाएगा."

डबा म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली. आमच्याकडेही तिला डबाच म्हणतात. उघडला तर खच्चून भरलेला. मी सगळं एकदम निवडलं आणि डिलीट दाबलं. कायमचं पुसायचं का, असं लॅपटॉपनं विचारलं. 'हो' दाबणार, तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"गो बाय, डब्याला हात नको लावू! त्यात आपलं शेत हाय."

"कचऱ्यात कोण शेत ठेवतं, आई?"

"कचऱ्यात कशाला ठेवीन? तूच बोललीस ना फोनवर, फोटो डब्यात टाक म्हणून."

बोलले होते खरी. दोन वर्षांपूर्वी, रिक्षाच्या रांगेत उभी असताना. नको असतील ते फोटो डब्यात टाक, असं. त्यातलं 'नको असतील ते' रस्त्याच्या गोंगाटात गेलं असणार, किंवा घाईत मीच गिळलं असेल. आणि आमच्या घरात डब्यात टाकणं म्हणजे जपून ठेवणं. आईच्या बांगड्या तांदळाच्या डब्यात, घराचे कागद रव्याच्या. फेकायचं असेल तर 'टाकून दे' म्हणतात. एका 'दे'चा काय तो फरक.

बेलवलीच्या बाजूला आमची भाताची चार खाचरं होती. आता तिथे इमारत उभी आहे, खाली मेडिकलचं दुकान. वडील कारखान्यातून पहिली पाळी करून यायचे ते घरी न येता थेट बांधावर. विकायचं ठरलं, त्या शेवटच्या आवणीत, म्हणजे भातलावणीत, त्यांनी फोटोंचा सपाटा लावला होता. त्यांच्या फोटोग्राफीचा आनंदीआनंदच, अर्ध्या फोटोंत अंगठा. त्या शेताचं दुसरं काहीच आमच्याकडे उरलेलं नाही.

"मग तू बघतेस कशी?" मी विचारलं.

"रोज दुपारी जेवण झालं की डबा उघडते. मोठं नाय होत त्यातलं. दाबलं की नुसती अक्षरं येतात. पण बारीक बारीक दिसतं, हिरवं हिरवं. बस झालं तेवढं."

दोन वर्षं ती बाई नखाएवढं शेत बघत बसली होती, आणि मी ते एका बोटानं पुसायला निघाले होते. माझी मलाच लाज वाटली. चहा तसाच निवला.

मग एकदाचं शहाण्यासारखं केलं. फोटो डब्यातून काढून जागेवर ठेवले. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी माझ्या लॅपटॉपवर. जागा खरी कोणी अडवली होती ते नंतर पाहिलं, तर माझेच कधीकाळचे सिनेमे आणि ऑफिसच्या फायलींच्या तीन-तीन प्रती. चोर घरातच होता. ते सगळं उडवलं, लाल पट्टी गेली.

प्रत झाली म्हणजे नीट झालीच असं नाही, म्हणून पेनड्राइव्हवरचा एक फोटो उघडून पाहिला. पडदाभर शेत आलं. आई चष्मा पुसून जवळ सरकली.

खाचरात पाणी, आणि कोपऱ्यात वाकून रोपं लावणारी एक बाई. पुढच्या फोटोत बांधावरचं जांभळाचं झाड, त्याच्याखाली तीच बाई, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी. त्याच्या पुढच्यात अंगठा, आणि अंगठ्याला चुकवून ती. मी एकेक पुढे नेत गेले. शेत सगळ्यांत होतं, आणि ती पण. बारक्या चित्रात ठिपक्याएवढी होती, म्हणून कुणाला दिसली नव्हती.

"अगं, ही तर मी," आई म्हणाली. मग तिनं पदरानं पडदा पुसला, जरी त्यावर धूळ नव्हती.

"तुझा बाप मला सांगायचा, शेताचे फोटो काढतो. मी बोलायची, थांब, मी बाजूला होते, शेत नीट येऊ दे. तर बोलायचा, नको, तू ऱ्हा तिथंच."