अध्यक्ष, आई आणि वाजलेली बाकं

माझ्या सासऱ्यांनी सूट चढवला तेव्हा मी भाषणाची पानं पर्समध्ये भरत होते.

"मीपण येणार," आरशात बघून टाय सारखा करत बाबा म्हणाले. "सुनेचं व्याख्यान, तेही परदेशातल्या विद्यापीठात. आणि मी काय घरी बसून तुमचे कपडे वाळत घालू?"

व्याख्यान हा त्यांचा शब्द. इथे त्याला रेफेराट म्हणतात, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावाच लागतो. चाळिशी उलटल्यावर मी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गला अमेरिकेच्या इतिहासात एम.ए. करायला घेतलं होतं. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी नववीत, आणि मी इतकी वर्षं प्रत्येक कागदावर 'हाउसफ्राऊ', म्हणजे गृहिणी, लिहून वैतागलेली. विषय मीच निवडला होता: महामंदीच्या काळात अमेरिकेला सावरणारा अध्यक्ष, आणि त्यानं दिलेल्या आधारातून कृष्णवर्णीय माणसं कशी बाहेर राहिली. बोलायचं इंग्रजीतून होतं. बाबांना इंग्रजी उत्तम कळतं, सगळा घोटाळा तिथेच होता.

कारण भाषणाच्या शेवटच्या पानावर माझी आई होती.

माझी आई पुण्यात लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. सकाळी दोन घरं, संध्याकाळी दोन. माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी नातेवाइकांत सांगून टाकलं, की मुलीच्या आईचा केटरिंगचा व्यवसाय आहे. बाबा तिथेच चहा पीत बसले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. माझी आई तेव्हा फक्त पदर सारखा करून हसली. पुढे सासूबाई गेल्या, पण ते केटरिंग काही गेलं नाही. अगदी परवापर्यंत बाबांचा कुणी मित्र फोनवर विचारायचा, "विहीणबाईंचं केटरिंग कसं चाललंय?" आणि बाबा म्हणायचे, "आता थांबवलं त्यांनी, वय झालं."

आता हे खोटं मी परक्या लोकांसमोर, बाबांच्या देखत मोडायचं, की शेवटचं पान पर्समध्येच ठेवून मुकाट्यानं खाली बसायचं, ते मला सकाळपासून ठरवता येत नव्हतं. बाबांना लोकांत खाली बघायला लावायची माझी अजिबात इच्छा नव्हती. मी बाळंत झाले तेव्हा सासूबाई आजारी होत्या, म्हणून हा माणूस एकटा विमानात बसून आला होता आणि त्यानं मला रोज डिंकाचा लाडू हातात आणून दिला होता. पण आईला आणखी किती वर्षं केटरिंगवाली करून ठेवायचं?

त्यात भर म्हणजे तो अध्यक्ष बाबांचा देव. नाश्त्यालाच आमची जुंपली.

"पोलिओनं पायांत ताकद नव्हती त्याच्या," बाबा ब्रेत्सेलचा, म्हणजे इथल्या खारट पावाचा, तुकडा चहात बुडवत म्हणाले. जर्मन माणसानं बघितलं असतं तर भोवळ आली असती त्याला. "स्वतःला उभं राहता येत नव्हतं आणि देश उभा केला. बँका बुडालेल्या, माणसं सूपसाठी रांगेत. आणि हा रेडिओवर येऊन घरच्यासारखं बोलायचा. तू त्याच्यातच खोट काढणार?"

"खोट नाही काढत, बाबा. त्यानं म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला, मोठंच काम केलं. पण शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका त्यातून वगळल्या. आणि काळ्या लोकांत बहुतेकांना कामं कुठली मिळायची? तीच."

"मुद्दाम वगळल्या?"

"त्यावर अजून वाद आहे. पण दक्षिणेतल्या त्याच्याच पक्षाच्या लोकांना दुखवायचं नव्हतं, हे खरं. जमाव काळ्या माणसांना झाडाला टांगत होता, त्याविरुद्धच्या कायद्यालाही त्यानं जोर लावला नाही. बाकीचे कायदे अडकतील म्हणून."

"अगं, एकदम सगळं कसं होईल? आधी पाव मिळू दे लोकांना, लोण्याचं मग बघू."

"पाव आधी कुणाला, तेच तर विचारतेय मी."

माझा नवरा मध्ये पडला. "हे बघा, तुम्ही दोघं तिकडेच जाऊन भांडा. मला मीटिंग आहे." त्याच्या कंपनीत तेव्हा कुर्त्सआर्बाइट चालू होतं. म्हणजे मागणी नाही म्हणून कामाचे तास कमी, आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकार भरून देतं. आमचं घर त्यावर चाललं होतं आणि मी त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. पण त्याचं ऑफिस झाडायला येणाऱ्या बायका मिनीजॉबवर, म्हणजे थोड्या तासांच्या, तुटपुंज्या पगाराच्या कामावर, त्यांना ते मिळत नाही. हे मी बाबांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

बसमध्ये मात्र बाबांची स्वारी खुशीत होती. मुलीला सुट्टी होती, म्हणून तिलाही बरोबर घेतलं होतं. बाबा तिला आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे किस्से सांगत होते. एक प्राध्यापक फार पकवायचे. मग एक दिवस सगळ्या वर्गानं ठरवून बाकं वाजवायला सुरुवात केली. धडधड धडधड. बिचारे पुस्तक उचलून निघून गेले ते परत त्या वर्गाला शिकवायला आलेच नाहीत. मुलगी "एश्ट, आजोबा?" म्हणजे खरंच का, असं विचारत खिदळत होती. ती सगळं मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्येच देते. बाबा तिला मराठीत सांगतात, ती जर्मनमध्ये उलटते, आणि दोघांचं छान चालतं. माझं लक्ष पर्समधल्या पानाकडे होतं.

वर्गात वीसेक मुलंमुली, माझ्या निम्म्या वयाची. शिकवणाऱ्या बाईंनी बाबांशी हात मिळवून त्यांना मागच्या रांगेत कडेची खुर्ची दिली. मी सुरू केलं. बँका, रांगा, रेडिओ. मग पेन्शनचा कायदा. मग ती युद्धाच्या तोंडावरची गोष्ट, जेव्हा रेल्वेच्या कृष्णवर्णीय कामगारांचा पुढारी म्हणाला, आम्ही हजारोंनी राजधानीवर मोर्चा आणतो. आणि तेव्हा कुठे अध्यक्षानं हुकूम काढला, की युद्धसामानाच्या कारखान्यांत रंग बघून नोकरी नाकारायची नाही. आणि एवढं सगळं होऊनही कितीतरी कृष्णवर्णीय घरांत भिंतीवर त्याच अध्यक्षाचा फोटो असायचा.

बाबा पुढे झुकून बसले होते, क्रिकेटची शेवटची ओव्हर बघताना बसतात तसे. फोटोचं ऐकून त्यांनी मान डोलावली. बघ, मी म्हणत नव्हतो, अशा थाटात.

मग शेवटचं पान आलं. मी ते काढलं, पुन्हा घडी घातली, पुन्हा उघडलं. बाबांकडे बघितलं असतं तर जमलं नसतं, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत वाचलं.

मी म्हणाले, की हा फोटो मला कळतो. माझी आई लोकांच्या घरी स्वयंपाक करायची. त्यातल्या एका घरच्या बाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंग्रजी शिकवलं, ते त्यांनी केलं नसतं तर आज मी इथे उभी नसते. आई आजही त्यांचं नाव काढलं की हात जोडते. पण हात थकले तेव्हा तिला त्या घरातून एक साडी मिळाली, पेन्शन नाही, फंड नाही, कारण ते काम कुठल्याच कायद्याला काम वाटत नव्हतं. उपकार मानणं आणि हक्क मागणं एकाच माणसाला एकाच वेळी जमतं. भिंतीवर फोटो लावणारी ती माणसं अडाणी नव्हती. तीही हेच करत होती.

मी थांबले. मग वर्गातल्या सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकं वाजवायला सुरुवात केली.

आणि मागून बाबा उठले.

"स्टॉप धिस," ते इंग्रजीत गरजले. घरात आवाज न चढवणारा माणूस. खुर्ची मागे पडली. "स्टॉप इट. लेट हर स्पीक." मुलांचे हात जागच्या जागी थांबले. मग बाबांचं इंग्रजी संपलं आणि मराठी सुरू झालं. "लाज नाही वाटत? पोळ्या लाटून शिकवलंय तिच्या आईनं तिला. चार घरच्या पोळ्या. ऐकून घ्या नीट. हसण्यासारखं काय आहे त्यात?"

कुणी हसत नव्हतं. माझी मुलगी त्यांची बाही ओढत होती. आणि आयुष्यात एकदा तरी लेकरू गरजेच्या वेळी मराठीत बोललं. "आजोबा, बसा ना. टाळ्या आहेत त्या. इथे असंच वाजवतात."

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी काही कळेना, मग कानापर्यंत लाल झाले. बाईंनी मला विचारलं, हे काय म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला. "हे माझे सासरे. यांना वाटलं, तुम्ही मला हाकलून देताय. आमच्याकडे बाकं त्यासाठी वाजवतात." पुढचं, पोळ्यांचं, मी रडत रडतच सांगितलं. मग त्या पोरांनी पुन्हा बाकं वाजवली, या वेळी मागे वळून, बाबांकडे बघत. बाबांनी गडबडून हात जोडले.

येताना बसमध्ये डॅन्यूब नदीवरचा पूल आला तेव्हा बाबा म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या आईचं ऐकून वाजवतायत."

"कळलं मला, बाबा."

"ते केटरिंगचं तुझ्या सासूनं सांगितलं. मी गप्प बसलो. घरात तंटा नको म्हणून." मग म्हणाले, "तुझा तो अध्यक्षही असाच गप्प बसला असेल."

मी त्यांचा हात धरला. सासऱ्यांचा हात धरायची आमच्यात पद्धत नाही, पण धरला. मला या माणसाचा राग कधी नव्हताच, आणि आता तर इतकं भरून आलं होतं की बस थांबवून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, हे माझे सासरे.

"फोन लाव," ते म्हणाले. "पुण्याला. विहीणबाईंना."

पुण्यात दिवेलागणीची वेळ असेल. आईनं उचलला. बाबा बसमध्ये आहेत हे विसरून मोठ्यानं बोलायला लागले. "विहीणबाई, नमस्कार. आज तुमच्या लेकीनं भाषण केलं. तुमच्याबद्दल बोलली. तुम्ही चार घरी स्वयंपाक करून तिला शिकवलंत, हे सांगितलं तिनं सगळ्यांना. आणि जर्मन पोरांनी बाकं बडवली."

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला. "अगंबाई, बाकं का बडवली? काही चुकलं का तिचं?"

"नाही हो," बाबा म्हणाले, जसं काही त्यांना हे जन्मापासून माहीत होतं. "टाळ्या असतात त्या इथल्या. तुमच्यासाठी होत्या."

आमचा स्टॉप आला, गेला, आम्ही उतरलो नाही. मग आईनं अगदी हळू विचारलं, "माझ्यासाठी?"