तेल लावून भरलेल्या बांगड्या

लग्न होऊन तलासरीला आले आणि महिन्याभरात धुण्याच्या पावडरीने माझे हात फुटले. आठवडी बाजारात बांगड्या भरायला बसले, तर बांगडीवालीने साबणाच्या पाण्यात बोटं बुडवली, माझा तळवा उलटा करून पाहिला आणि ते पाणी तिथेच ओतून दिलं.

"साबण नको, बाय. झोंबेल तुला."

पिशवीतून तिने खोबरेलाची बाटली काढली, बहुधा स्वतःच्या केसांसाठी ठेवलेली. तेल भेगांत जिरेपर्यंत ती अंगठ्याने चोळत राहिली. मागच्या बायका कुरकुरल्या. तिने वरही पाहिलं नाही.

"किती आखडून धरलायस हात! कुणी हातात घेत नाही वाटतं?"

माहेरून निघताना आईने घेतला होता, त्यानंतर कुणीच नाही. माझे डोळे भरून आले. "झोंबतंय," मी म्हणाले.

"तेल नाही झोंबत," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

ती पुन्हा दिसली नाही. पावडर मी सोडली, आता बिनवासाचा साबण वापरते. हात केव्हाच बरे झालेत. तरी कुठेही बांगड्या भरायला बसले की आधीच सांगते, मला साबण चालत नाही.