हिडी आणि बिडी

घोडीचे दोन्ही गुडघे सोलले होते आणि त्यांतून रक्त येत होतं, म्हणून सगळे गुडघ्यांकडेच बघत होते. मीही तिकडेच बघत होते. माझ्या तोंडात माती होती आणि डावं मनगट भरून आलं होतं. पण ती उभी आहे, चारी पायांवर उभी आहे, एवढंच मी मनात घोकत होते. पडलेला घोडा उठलाच नाही तर काय करावं लागतं, ते मला आधी एकदा सांगून झालेलं होतं.

आमच्या घरातल्या मुली घोड्यावर बसत नाहीत, तेव्हा मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. आम्ही सीमेवरच्या चिकोडी तालुक्यातले. वडील बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर आहेत आणि आम्ही तिथेच मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहतो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याआधी आमच्याकडे कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नाही. आनेकलच्या रस्त्याला घोडेस्वारी शिकवणारी एक जागा आहे. तिथे दर रविवारी मी लहान मुलांच्या तट्टांची दोरी धरून गोल गोल चालते. सगळ्यांचे धडे संपले की त्याबदल्यात अर्धा तास मला घोड्यावर बसायला मिळतं. आईला मी सांगितलं होतं, रविवारी मुलांना शिकवायला जाते. ती शिकवणी समजली. मी तिचा समज दुरुस्त केला नाही.

तिथे घोड्यांची निगा राखणारे सईस म्हणजे अण्णा. पंचावन्नच्या पुढचे असतील. बनशंकरीला राहतात. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं, पण घरात अजून मराठी बोलतात. ती मराठी ऐकताना मला दर तिसऱ्या वाक्याला थांबावं लागे. "स्वल्प पाणी दाखव तिला, सरी, आता जीन काढ" असं ते बोलत; सरी म्हणजे ठीक. मी हुलगे म्हणायचे, ते हुरळी म्हणायचे, आणि घोड्यांना दोन्ही आवडायचं. पहिल्या दिवशी मी मराठी आहे हे कळल्यावर ते म्हणाले होते, "आमचे लोक घोड्यावर बसून आले इथं. मी घोड्याची लीद काढतो. तू बस, हिशेब सरी होईल."

आता भाषेचं थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आलं. फी भरून शिकणाऱ्यांशी अण्णा कन्नडमध्ये बोलत आणि सहा वर्षांच्या पोरालाही अहोजाहो करत. लगाम सैल सोडायला सांगायचं असेल तर "बिडी, बिडी" म्हणजे सोडा, सोडा. त्यावरून मोठी मुलं हसायची, कारण अण्णांच्या कानावर खरीच एक विडी अडकवलेली असे. माझ्याशी मात्र ते मराठीत बोलत आणि अरेतुरे करत. क्वचित कन्नड आलं तरी तेही एकेरी. एकेरीत 'सोड' म्हणजे 'बिडू'. आणि 'धर' म्हणजे 'हिडी'. मला त्यांनी 'बिडी' कधीच म्हटलेलं नव्हतं, कारण मला ते 'सोडा' कशाला म्हणतील?

त्या रविवारी मी तांबड्या घोडीवर होते. ती तिथली सगळ्यात समजूतदार, म्हणूनच मला मिळालेली. कुंपणापलीकडे घराचं काम चालू होतं. आम्ही त्या कोपऱ्यात आलो आणि पलीकडे फरशी कापायचं यंत्र एकदम सुरू झालं. घोडीनं पुढचे पाय उचलले. मला तिची मान माझ्या तोंडाशी आलेली दिसली आणि मी लगाम ओढला. दुसऱ्या टोकाकडून अण्णा ओरडले. मला ऐकू आलं, "हिडी, हिडी."

मी धरला. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून धरला. ती आणखी वर गेली, आणखी, आणि मग मागे आली. मी बाजूला फेकले गेले. ती पाठीवर पडली, माझ्यापासून एका हातावर. तो आवाज मला लिहिता येणार नाही. मग ती धडपडून उठायला गेली, पुढे गुडघ्यांवर आपटली आणि परत उठली. गुडघे सोलले ते तेव्हा.

मैदानात आम्ही तिघंच होतो, मी, घोडी आणि अण्णा. त्या जागेच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, ऑफिसातून धावत आल्या. त्यांनी आधी मला उभं केलं, माझे डोळे बघितले, हात हलवून बघितला. मग इंग्रजीत विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "शी स्लिप्ड, मॅम."

कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली की मी आधी वाक्य मनात जुळवते. जे झालं होतं त्याचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. खोटं दोन शब्दांत बसत होतं. हे कारण मी दुसऱ्या दिवसापर्यंत स्वतःला देत राहिले, आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण मला ते वाक्य मराठीत तरी कुठे बोलायचं होतं? अण्णा तोपर्यंत घोडीपाशी पोचले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि ते काहीच बोलले नाहीत.

जनावरांचे डॉक्टर तासाभरात आले. घसरली, गुडघ्यांवर पडली, असं त्यांना सांगण्यात आलं. घोडी पुढचे पाय ताठ टाकत होती, ते त्या गोष्टीला धरूनच होतं. त्यांनी पाय तपासले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, इंजेक्शन दिलं आणि तिला दिवसातून दोनदा थोडं चालवायला सांगितलं. अंगावर घोंगडी टाकून वरून पट्टा आवळला गेला. पट्टा आवळताना तिनं कान मागे टाकले. मी ते पाहिलं.

घरी मी फाटकापाशी पडले म्हणून सांगितलं. वडिलांनी दवाखान्यात नेलं, मनगट नुसतं मुरगळलं होतं. आईनं वरून आंबेहळद उगाळून लावली आणि म्हणाली, त्या शिकवणीच्या लोकांना सांग, आठवडाभर येणार नाही. मी हो म्हणाले. झोपताना डोळे मिटले की ती मागे येताना दिसायची, म्हणून मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

सोमवारी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं. मी एकच द्रावण दोनदा ओतलं. कॉलेज सुटल्यावर चंदापुऱ्यापर्यंत बसने आणि पुढे शेअर ऑटोने मी तिथे गेले. वाटेत मी ठरवत होते की ती बरी दिसली तर काही बोलायचं नाही.

ती बरी नव्हती. ठाणात तोंड भिंतीकडे करून उभी होती, मान आडवी, लाकडासारखी. समोर जमिनीवर सकाळचं गवत तसंच पडलं होतं. चंदीच्या घमेल्यात हुरळी फुगून आंबली होती. अण्णा उकिडवे बसून तिच्या पोटाला कान लावत होते. कालपासून तिनं खाल्लेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. घोड्याचं पोट रिकामं राहिलं की आतडं धरतं, आणि घोडा पायानं मरत नाही तेवढा पोटानं मरतो, हेही सांगितलं. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर डॉक्टर तिला दवाखान्यात न्या म्हणतील, आणि तिला गाडीत चढवणार कसं, ती चार पावलं टाकत नाही. ते हे सगळं माझ्याकडे न बघता बोलत होते.

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी वाकून मूठभर गवत उचललं आणि तिच्या तोंडापाशी नेलं. तिनं ते घेतलं. मी परत दिलं, तिनं परत घेतलं. हावरटासारखं खात होती. मी तिसरी मूठ मुद्दाम खाली धरली, माझ्या गुडघ्याच्या उंचीला. तिनं मान थोडी खाली नेली, थरथरली आणि परत वर घेतली. तिला भूक होती. तिला मान खाली नेता येत नव्हती.

मग मी घोंगडीवर हात फिरवला. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथे घोड्याला एक उंचवटा असतो, खोगिराचं पुढचं टोक त्याच्यापाशी येतं. पट्टा बरोबर त्याच्यावरून गेला होता. माझी बोटं तिथे टेकली आणि तिनं अख्खं अंग चोरलं. पडताना ती त्याच्यावरच आपटली होती. हे डॉक्टरांना कसं कळणार? गुडघ्यांवर पडलेल्या घोड्याची पाठ कोण बघेल?

मी पट्टा सोडला, घोंगडी काढली. मी म्हणाले, "अण्णा, ती घसरली नव्हती."

"मला सांगू नको," ते म्हणाले. "मी बघितलंय."

"मग तुम्ही काल बोलला का नाही?"

"मला वाटलं तू पायाचं सांगतेस म्हणजे पायच असेल. लांबून काय दिसतं? वर गेली, खाली आली. नेमकी कुठं आपटली, मला काय कळतंय." त्यांनी खाली पडलेलं गवत गोळा केलं. "आणि तू लगाम ओढलास म्हटलं तर मॅडम तुला परत बसू देणार नाहीत. ते पण वाटलं."

मी म्हणाले, "तुम्हीच हिडी म्हणालात."

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. अण्णांनी कानावरची विडी काढली, बोटांत फिरवली आणि परत तिथेच ठेवली.

"हिडी कोण म्हणेल? घोडा वर गेला तर धर म्हणून मूर्ख पण सांगणार नाही. मी बिडी म्हटलं."

"मला बिडी का म्हणाल तुम्ही? मला बिडू म्हणता."

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, मला दिसलं. "घाबरलो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना बिडी बिडी करतोय. घाबरल्यावर तोंडात तेच येतं. तू आमची आहेस हे ध्यानात राहिलं नाही." आणि काढलेली घोंगडी उचलत म्हणाले, "डॉक्टरला फोन लाव."

मी फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलले. माझं कन्नड सीमेकडचं आहे, इथले लोक त्याला हसतात, पण त्यात मला वाक्यं जुळवावी लागत नाहीत. मी सांगितलं की ती उभी राहिली तेव्हा मी लगाम ओढला, ती मागे पाठीवर पडली आणि काल मी खोटं सांगितलं. मला वाटलं आता ते रागावतील. त्यांनी विचारलं, पाठीच्या कुठल्या भागावर, मान खाली जाते का, तिथे गरम लागतं का. मी हात लावून सांगितलं. ते म्हणाले की आजपासून तिच्यावर काहीही बांधू नका, तिला चालवू नका, चारा छातीच्या उंचीला ठेवा. शेवटी म्हणाले, हे काल सांगितलं असतं तर तिचा एक दिवस वाचला असता. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मॅडमना मी त्यानंतर लगेच, ऑफिसच्या दारात उभी राहून सांगितलं. इंग्रजीत, मोडकं, पण सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या की मी मुलांच्या दोऱ्या धरायला येऊ शकते, घोड्यावर बसण्याचं पुढे बघू. मला ते बरोबर वाटलं.

मंगळवारी डॉक्टर एक्स-रेचं छोटं यंत्र घेऊन आले. मी वर्ग बुडवून गेले होते. उंचवट्यातल्या हाडांची तीन टोकं मोडली होती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मोडली म्हणजे संपलं का, हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं. ते अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले की ही टोकं बहुतेक वेळा आपोआप जुळून येतात. महिने लागतील, खोगीर कधी चढेल ते आता सांगता येणार नाही, पण ती खात राहिली तर जगेल.

त्या दिवशी मी आणि अण्णांनी कुंपणापलीकडच्या त्याच कामावरून विटा मागून आणल्या आणि नऊ विटांची थप्पी रचून तिच्यावर घमेलं ठेवलं. ती खाऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला सोसेल तसं घमेलं हळूहळू खाली आणा, घाई तिची असू दे, तुमची नको. तेव्हापासून मी रविवारी धडे संपल्यावर तिच्यापाशी जाते. ती न थांबता खाते का ते बघते. जमलं तर एक वीट काढते. घरीही मी सांगून टाकलं. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, घोडीला गूळ चालतो का. तेव्हापासून रविवारी ती माझ्या डब्याबरोबर एक पुडी देते.

या रविवारी पाच विटा होत्या. मी पाचवी काढली. तिनं घमेल्यात तोंड घातलं, दोन घास खाल्ले, मान मध्येच अडकल्यासारखी थांबली आणि तिनं तोंड बाहेर काढलं. मी वाट पाहिली. तिनं परत घातलं, परत काढलं. मी तिची मान हलकेच खाली दाबायला हात पुढे केला. का केला कोण जाणे. आता चारच राहिल्या आहेत, असं काहीतरी मनात असावं.

मागून अण्णा म्हणाले, "बिडू."

मी हात काढला आणि वीट परत लावली.